नवा सेन्सर घेण्यापूर्वी जुन्याला विचारा

टायरचा धंदा हा मुळात हाताचा धंदा. टायरची कड सोडवायची, पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, पॅच लावायचा, हवा भरायची आणि हात पुसून पैसे घ्यायचे. बापाने मुलाला आणि उस्तादाने शागीर्दाला असाच तो शिकवला. आपल्या वाचकांपैकी कित्येकांची घरे या धंद्यावर उभी राहिली आहेत. पण गेल्या काही वर्षांत मोटारीच्या चाकात एक नवी वस्तू येऊन बसली आहे. ती बाहेरून दिसत नाही, वजनाने जेमतेम अडीच-तीन तोळ्यांची असते, पण मोडली तर दुकानदाराची दिवसभराची कमाई घेऊन जाते. ती वस्तू म्हणजे टायरमधील हवेचा दाब मोजणारा सेन्सर. या संपूर्ण व्यवस्थेला कंपन्यांच्या भाषेत 'टीपीएमएस' म्हणतात.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. अलॉय रिमची एक मोटार दुकानात येते. पुढचे दोन टायर बदलायचे आहेत. पोऱ्या चाक मशीनवर चढवतो, नेहमीच्या सवयीने कड दाबतो आणि आत काहीतरी 'टक्' वाजते. कोणाच्या लक्षात येत नाही. नवा टायर चढतो, हवा भरली जाते, पैसे मिळतात. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत येते आणि म्हणते, "काल तुमच्याकडून गेल्यापासून हा पिवळा दिवा पेटतोय." चाक उघडले तर सेन्सरचे दोन तुकडे. दुकानदार भला माणूस, तो स्वतःच्या खिशातून बाजारातला दिसायला तसाच सेन्सर आणून बसवतो. दिवा तरीही जात नाही. आता सेन्सरचे पैसे गेले, दोनदा चाक उघडण्याची मजुरी गेली आणि गिऱ्हाईकही गेले. ते आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच जाणार.

हे टाळता येते. त्यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही. लागते ती एकच सवय : नवा सेन्सर विकत घेण्यापूर्वी जुन्याला विचारायचे.

ही वस्तू आली कुठून?

अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांपैकी बरेच टायर फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. टायरचे थर सुटून गाड्या उलटल्या होत्या, माणसे दगावली होती. कमी हवेवर चाललेला टायर किती तापतो हा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनात हवा कमी झाल्याची सूचना देणारी व्यवस्था सक्तीची झाली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना ती लागू झाली. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनात ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि दाब दाखवणारी व्यवस्था असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल, असा तिचा आशय. म्हणजे काही गाड्यांत या दिव्यावर आता स्टेपनीइतकीच जबाबदारी येऊन पडली आहे.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा आपण सर्वांनी ऐकली. पुढच्याच वर्षी तिथे वाहनांच्या टायरची तपासणी करण्याची वेळ परिवहन खात्यावर आली. टायरमध्ये हवा कमी असली की त्याच्या बाजू दर फेरीला जास्त वाकतात, वाकण्यातून उष्णता तयार होते आणि लांबच्या सरळ रस्त्यावर, सततच्या वेगात ती वाढतच जाते. सेन्सरचे काम हे संकट आधी कळवण्याचे. म्हणून चुकीचा सेन्सर बसवणे ही नुसती धंद्यातली चूक नव्हे, त्यात गिऱ्हाईकाच्या घरच्या माणसांचा जीव गुंतलेला आहे.

दिवा काय म्हणतो ते आधी ऐका

घोड्याच्या नालेसारख्या आकारात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा पेटला की लगेच सेन्सर खराब, असे समजू नये. दिवा स्थिर पेटला असेल तर बहुधा हवाच कमी आहे. अमेरिकी नियमाप्रमाणे दारावर लिहिलेल्या दाबापेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की तो पेटला पाहिजे. म्हणजे ३३ पौंड हवेची गाडी २५ पौंडांच्या खाली गेली की इशारा मिळतो. यावरून हेही कळते की दिवा पेटला नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असे नाही. गेज लावण्याची जुनी सवय सोडू नये.

चावी फिरवल्यावर दिवा मिनिटभर किंवा दीड मिनिट उघडझाप करून मग स्थिर झाला, तर बिघाड व्यवस्थेत आहे. सेन्सरचा सेल संपला असेल, तो मोडला असेल किंवा गाडीला त्याची ओळख पटत नसेल.

थंडीच्या दिवसांत पहाटे पेटून दुपारी विझणारा दिवा हा तिसरा प्रकार. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधला दाब सुमारे एका पौंडाने कमी होतो. अशा गाडीत थंड टायरवर दारावरच्या तक्त्याप्रमाणे हवा भरली की काम झाले. तिथे सेन्सर विकणे म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणे होय. उलट भर उन्हात धावून आलेल्या गरम टायरची वाढलेली हवा कधी सोडू नये, थंड झाल्यावर ती कमी पडते.

चाकात सेन्सर आहे तरी का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण अगत्याचा आहे. ही व्यवस्था दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मागे सेन्सर बसवलेला असतो. तो दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते, त्यामुळे ते इतरांपेक्षा जास्त फेऱ्या मारते. एबीएस ब्रेकसाठी लावलेल्या यंत्रणेकडून हा फरक गाडीचा संगणक ओळखतो. आपल्याकडे रस्त्यावर असलेल्या बऱ्याच गाड्यांत हा दुसरा प्रकार असतो.

दुसऱ्या प्रकारच्या गाडीला सेन्सर लागतच नाही. हवा भरून झाल्यावर गाडीच्या मेनूमधून किंवा बटणाने ती व्यवस्था पुन्हा नव्याने सुरू करायची, एवढेच काम. ओळखायची खूण सोपी आहे. पडद्यावर प्रत्येक चाकाचा दाब आकड्यांत दिसत असेल तर चाकात सेन्सर आहेत. नुसता दिवाच असेल, आकडे नसतील, तर दोन्ही शक्यता असतात. अशा वेळी गाडीचे पुस्तक पाहावे किंवा तपासणी यंत्र चाकाजवळ धरावे.

जुन्या सेन्सरला विचारायच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट, लहरींची वारंवारता. बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत : ३१५ मेगाहर्ट्झ आणि ४३३ मेगाहर्ट्झ. युरोपसाठी, भारतासाठी आणि आखाती देशांसाठी बनलेल्या गाड्यांत बहुधा ४३३ असतो, तर अमेरिकेसाठी बनलेल्या पुष्कळ गाड्यांत ३१५. दोन्ही दिसायला अगदी जुळ्या भावांसारखे. पण ३१५ ऐकणाऱ्या गाडीला ४३३ चे बोलणे ऐकूच येत नाही. कोकणातले आपले अनेक बांधव दुबई-शारजाच्या गॅरेजांत काम करतात, त्यांना हा अनुभव नवा नाही. तिथे अमेरिकेतून जुन्या गाड्याही येतात, त्यामुळे एकाच नावाची, एकाच रंगाची गाडी कधी ३१५ ची निघते तर कधी ४३३ ची. गाडीच्या नावावरून माल मागवला की फसगत होते. वारंवारता बहुतेक सेन्सरांच्या पाठीवर छापलेली असते. तीच वाचावी.

दुसरी गोष्ट, सेन्सरचा पार्ट नंबर. वारंवारता जुळली म्हणजे सर्व जुळले असे नाही. प्रत्येक कंपनीची माहिती पाठवण्याची पद्धत निराळी. दोन माणसे एकाच फोनवर असली, पण एक मराठी बोलत असेल आणि दुसरा चिनी, तर व्यवहार होणार नाही, तसेच हे. पार्ट नंबर, गाडीचे मॉडेल आणि बनावटीचे वर्ष या तिन्ही गोष्टी सांगूनच माल मागवावा. एकाच मॉडेलमध्ये मधल्याच वर्षी सेन्सर बदललेला असू शकतो.

तिसरी गोष्ट, व्हॉल्व्ह. काही सेन्सर रबराच्या व्हॉल्व्हवर बसतात, ते ओढून बसवायचे. काही ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर असतात, त्यांना बाहेरून नट लागतो. मोटारीच्या रिमचे व्हॉल्व्हचे छिद्र साधारण साडेअकरा मिलिमीटरचे असते, पण छिद्राभोवतालची जागा आणि आतला उतार प्रत्येक रिममध्ये सारखा नसतो. गिऱ्हाईकाने बाहेरून शोभेच्या अलॉय रिम घातल्या असतील तर हे विशेष पाहावे. सेन्सरचे अंग रिमला टेकून अधांतरी राहिले तर ते खड्ड्यांत हादरून मोडते. कोन बदलता येणारा व्हॉल्व्ह अशा ठिकाणी उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट, वय. सेन्सरचा सेल राळेसारख्या रसायनात बंद केलेला असतो, तो बदलण्यासाठी बनवलेला नसतो. त्याचे आयुष्य साधारण ५ ते १० वर्षे. गाडी जितकी जास्त धावते तितका तो लवकर संपतो. आठ वर्षांच्या गाडीचा एक सेन्सर वयामुळे गेला असेल तर उरलेले तीनही त्याच वाटेवर आहेत. गिऱ्हाईकाला तसे स्पष्ट सांगावे. नवे टायर टाकतानाच चारही बदलले तर चाके उघडण्याची मजुरी एकदाच पडते. मात्र दोन वर्षांच्या गाडीत एक सेन्सर धक्क्याने मोडला असेल तर चार विकू नयेत. एकच बदलावा.

बाजारात माल तीन प्रकारचा

पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. तो जुळणार यात शंका नाही, पण महाग. वास्तविक मोटार कंपन्या सहसा सेन्सर स्वतः बनवत नाहीत. श्रेडर, कॉन्टिनेन्टल, हूफ, जपानची पॅसिफिक अशा कारखान्यांकडून त्या तो घेतात.

दुसरा प्रकार, याच किंवा दुसऱ्या कारखान्यांचा, ठरावीक गाड्यांसाठी तयार असलेला सेन्सर. नंबर जुळला तर तो थेट बसवता येतो.

तिसरा, सर्वसामान्य किंवा 'युनिव्हर्सल' सेन्सर. हा कोऱ्या पाटीसारखा असतो. यंत्रात गाडीचे मॉडेल व वर्ष निवडून त्यावर त्या गाडीची भाषा लिहायची. ऑटेलचा एमएक्स किंवा श्रेडरचा ईझेड हे या जातीचे. काहींत ३१५ आणि ४३३ दोन्ही एकाच नगात असतात. लहान दुकानदाराला हा प्रकार सोयीचा, कारण पन्नास प्रकारचा माल भरून भांडवल अडकवण्याऐवजी आठ-दहा नगांवर काम भागते. पण एक खबरदारी घ्यावी. काही कोरे सेन्सर फक्त त्यांच्याच कंपनीच्या यंत्राने लिहिता येतात. म्हणून यंत्र आणि सेन्सर यांची जोडी जमते का, आणि यंत्राच्या यादीत आपल्या भागातल्या गाड्या आहेत का, हे दुकानात उभे राहून तपासावे. यादी अद्ययावत करण्याचे वेगळे पैसे लागतात का, तेही विचारावे.

भंगारातल्या गाडीचा सेन्सर कुर्ल्यासारख्या जुन्या मालाच्या बाजारात स्वस्त मिळतो. तो नंबराने जुळतोही. पण त्याचा सेल किती उरला आहे ते डोळ्यांना दिसत नाही. आज बसवला आणि सहा महिन्यांत गेला तर चाक पुन्हा उघडावे लागेल, आणि शिव्या विकणाऱ्याला नव्हे, बसवणाऱ्याला बसतील. गिऱ्हाईकाने हट्टच धरला तर 'जुना माल, हमी नाही' असे बिलावर लिहावे.

आणखी एक वस्तू लोक विचारतात : व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारा सेन्सर. ज्या गाडीत काहीच नाही तिथे तो कामाचा आहे, त्याचा सेलही बदलता येतो. पण त्याचा पडदा वेगळा असतो. कंपनीच्या मोडलेल्या सेन्सरच्या जागी तो लावला तर गाडीचा दिवा विझणार नाही. शिवाय त्याच्या वजनाने जुना रबरी व्हॉल्व्ह मुळाशी चिरतो आणि टोपण सहज काढता येत असल्याने चोरीलाही जाते.

गाडीशी ओळख करून देणे

प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो. गाडी फक्त ओळखीच्या क्रमांकांचेच ऐकते, नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीची हवा आपल्या पडद्यावर दिसली असती. म्हणून नवा सेन्सर बसवल्यावर ओळख करून द्यावी लागते. काही गाड्या पंधरा-वीस मिनिटे चालवल्या की ती आपोआप करून घेतात. काहींना मेनूतून शिकण्याच्या स्थितीत ठेवून ठरलेल्या क्रमाने एकेका चाकाजवळ यंत्र धरावे लागते. काहींत, टोयोटाच्या बऱ्याच मॉडेलांप्रमाणे, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये यंत्र जोडून क्रमांक भरावे लागतात. कोणती पद्धत आहे हे सेन्सर घेण्याआधी पाहावे. ओळख करून देण्याचे साधन नसेल तर सेन्सर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

यावर सोपा मार्ग म्हणजे नक्कल. जुना सेन्सर जिवंत असेपर्यंत त्याचा क्रमांक यंत्राने वाचून तोच नव्यावर लिहायचा. गाडीला बदल कळतच नाही. मात्र जुना आणि त्याची नक्कल एकाच गाडीत ठेवू नये. एकाच नावाची दोन माणसे दोन वेगळे निरोप देऊ लागली की गोंधळ ठरलेला. तसेच कोरा सेन्सर लिहिताना बाकीचे नग यंत्रापासून दूर ठेवावेत.

बसवताना हाताची शिस्त

टायर उतरवण्यापूर्वीच चारही सेन्सर यंत्राने तपासावेत आणि काय आढळले ते गिऱ्हाईकासमोर कागदावर लिहावे. आधीच मेलेला सेन्सर मग आपल्या गळ्यात पडत नाही. कड दाबताना व्हॉल्व्हच्या जवळ कधी दाबू नये. टायर उतरवताना आणि चढवताना मशीनची पट्टी व्हॉल्व्हच्या जागेवरून जाणार नाही याची काळजी घ्यावी.

ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हचा नट अंदाजाने आवळू नये. त्याला लागणारा जोर फारच थोडा असतो, बहुधा ४ ते ८ न्यूटन मीटर. नक्की आकडा पुडीतल्या कागदावर असतो आणि त्यासाठी लहान टॉर्क पाना लागतो. टायर बदलताना रबरी वॉशर, नट, आतली पिन आणि टोपण यांचा संच नवा टाकावा. पिन निकेलचा मुलामा दिलेलीच घ्यावी. साधी पितळी पिन किंवा पितळी टोपण ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये पावसाळी हवेत असे गंजून धरते की काढताना व्हॉल्व्हच तुटतो. आपल्या कोकणात आणि मुंबईत हे विशेष घडते. दोन-चार रुपयांची पिन वाचवण्याच्या नादात हजारांचा सेन्सर जातो. पंक्चर बंद करणारे पातळ रसायन टायरमध्ये ओतले असेल तर सेन्सरचे बारीक छिद्र बुजलेले नाही ना, हेही पाहावे.

शेवटी हिशेबाची गोष्ट

पुष्कळ जण म्हणतात, हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे, आपले नव्हे. असे म्हणून ट्यूबलेस टायर आला तेव्हाही काहींनी मशीन घेतले नाही आणि त्यांची गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात गेली. आज रस्त्यावर येणाऱ्या अधिकाधिक गाड्यांच्या चाकात सेन्सर आहे आणि पाच-दहा वर्षांत त्यातला प्रत्येक सेल संपणार आहे. ते काम कोणीतरी करणारच. एकट्याला यंत्राचा खर्च झेपत नसेल तर एकाच रस्त्यावरच्या दोन-तीन दुकानदारांनी मिळून ते घ्यावे. तेही शक्य नसेल तर निदान सेन्सर मोडू न देण्याची शिस्त आजपासून लावावी, तिला भांडवल लागत नाही.

काम झाल्यावर बिलावर चार ओळी लिहाव्यात : वारंवारता, पार्ट नंबर, कोणत्या चाकात बसवला आणि तारीख. मोडका सेन्सर गिऱ्हाईकाच्या हातात परत द्यावा. आणि पैसे घेण्याआधी गाडी एक फेरी चालवून, दिवा विझलेला स्वतः पाहावा. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात तक्रार घेऊन उभे राहण्यापेक्षा हे स्वस्त पडते.